शब्दांची वही आणि पिपचे हात

कॉलेजात असताना डिकन्सची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स ही इंग्रजी कादंबरी मी गाईड वाचून पास केली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मागच्या महिन्यात परत काढली, यावेळी वही घेऊन, अडेल तो शब्द लिहायचा असं ठरवून.

पहिल्याच प्रकरणात अडले. पळालेला कैदी गोष्टीतल्या नायकाला, छोट्या पिपला, धमकावतो, कानस आण आणि विटल्स आण. डिक्शनरीत विटल्स काही सापडेना, मग लक्षात आलं की हा गडी व्ह चा व करतोय, मूळ शब्द व्हिटल्स, म्हणजे खायचंप्यायचं. हल्क्स म्हणजे मोडीत निघालेली जहाजं, ज्यांचा तुरुंग केलेला. असे चाळीसेक शब्द झाले आणि मी एकदम खूष.

मग आला तो पत्त्यांचा डाव. खेळाचं नाव बेगर माय नेबर, म्हणजे आपल्या भिकार-सावकारचा भाऊबंदच, समोरच्याला भिकेला लावायचं. श्रीमंत मिस हॅविशॅमच्या घरात वाढणारी एस्टेला पिपला हसते, का तर हा नेव्हला जॅक म्हणतो. आपण त्याच पत्त्याला सरळ गुलाम म्हणतो, आपलं काय झालं असतं कुणास ठाऊक! पण त्याच दमात ती त्याच्या राठ हातांना आणि जाडजूड बुटांनाही नावं ठेवते, आणि लोहाराच्या घरात वाढलेल्या ह्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांची लाज वाटते.

इथे मी थांबले आणि मागे गेले, कारण हात आधीही येऊन गेला होता. पिपची बहीण गावभर सांगत असते की मी ह्याला 'बाय हॅन्ड' वाढवला. त्या काळी त्याचा अर्थ अंगावरचं न पाजता वरच्या दुधावर वाढवणं, पण पिप बिचारा समजतो की बहिणीचा हात जड आहे, सारखा पाठीत बसतो, म्हणून तसं म्हणत असतील. हॅन्ड हा शब्द मी वहीत लिहिलाच नव्हता, कोण लिहिणार? आणि मग जिकडे तिकडे हातच दिसायला लागले. वकील जॅगर्स अशील गेला की सुगंधी साबणाने हात धुतो. मिस हॅविशॅमच्या कपड्यांना लागलेली आग विझवताना पिपचे हात भाजतात, तेच हात ज्यांना जंटलमन करायचं होतं. शेवटी मॅग्विच, म्हणजे पहिल्या प्रकरणातला तोच कैदी, मरायला टेकलेला असताना पिप त्याचा हात धरून बसतो, ज्या माणसाचा स्पर्शही त्याला आधी नकोसा झाला होता. जंटलमन कोणाला म्हणायचं यावर गाईडमध्ये दीड पान होतं, हाताबद्दल एक ओळ नाही.

हे सगळं १८६०-६१ मध्ये दर आठवड्याला एका साप्ताहिकात तुकड्या तुकड्यात छापून येत होतं, तेव्हाच्या वाचकांना पहिला हात शेवटपर्यंत कसा लक्षात राहिला असेल देव जाणे, मला तर मागची पानं उलटावी लागली.

आता वहीच्या मागच्या बाजूने नवीन यादी सुरू केलीये, फक्त सोप्या शब्दांची. हॅन्ड झाला, आता फायर वर आहे.