तार शाबूत, बोल्ट सैल

लॉकवायर, म्हणजे बोल्ट उलटे फिरू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून ओवून पिळलेली तार, कापायच्या आधी मी हेडरच्या टोकाच्या बोल्टखालच्या वॉशरला नख लावलं आणि तो गरकन फिरला. वर बोल्ट जागच्या जागी, तार ताठ, पीळ जसाच्या तसा. बोल्ट उलटा फिरला असता तर तारेने सांगितलं असतं. तो फिरलाच नव्हता, तरी सैल होता.

गाडी आली होती टिक-टिक आवाजासाठी. थंड इंजिन सुरू केलं की आवाज, तापलं की गायब. हेडर म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच. तो इंजिनाला जिथे जोडतात तिथल्या गॅस्केटमधून, म्हणजे जोडात दाबून बसवलेल्या पातळ थरातून, गॅस फुटतो तेव्हाचं हे नेहमीचं लक्षण. तरी टॅपेटचा आवाज समजून व्हॉल्व्ह सेटिंग करत बसणारे कमी नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन, वरचा भाग म्हणजे हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यावर मूळ बिडाचा मॅनिफोल्ड काढून बसवलेला स्टेनलेसचा हेडर. आधीच्या गॅरेजमध्ये बोल्ट वारंवार ढिले होतात म्हणून सगळ्यांना लॉकवायर मारली होती. ज्याने मारली त्याचा हात चांगला होता. पीळ एकसारखा, ओढ बरोबर दिशेने. इतकं निगुतीचं काम आजकाल फारसं दिसत नाही.

लॉकवायर बोल्टला उलटं फिरू देत नाही, पण आवळायला आडवी येत नाही. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'कट्' वाजणारा पाना, मुद्दाम कमी, १० न्यूटन-मीटरला लावली आणि प्रत्येक बोल्ट आवळायच्या दिशेने तपासला. मधल्या बोल्टांवर रेंच लगेच 'कट्' झाली. टोकाचे दोन्ही नुसतेच फिरले. त्यातला पुढचा फिरतच राहिला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत वेटोळी अडकलेली. हेडमधले आटे गेले होते.

आमचे मोठे मिस्त्री म्हणाले, "नीट आवळलेच नसतील." आमच्या धंद्यात प्रत्येक सैल बोल्टाला हेच उत्तर, आणि याच उत्तरापायी हेडं वाया जातात. शिकायला आलेला मुलगा मात्र बरोबर जागी अडला: "काका, फिरला नाही तर सैल झाला कसा?"

बोल्टाचं काम ताणलेलं राहण्याचं आहे. ८ मिलिमीटरचा बोल्ट २० न्यूटन-मीटरने आवळला की तो साधारण सव्वा टनाने फ्लँज, म्हणजे हेडरची हेडला टेकणारी जाड पट्टी, हेडवर दाबतो. हा दाब येतो बोल्टाच्या लांबण्यातून. पण हेडरचा बोल्ट आखूड, फ्लँज १० मिलिमीटरची. एवढ्या लांबीत तो ताणला जातो जेमतेम दोन शतांश मिलिमीटर. गॅस्केट तेवढं बसलं, किंवा आटे तेवढे दबले, की सव्वा टन संपला. बोल्ट अंशभरही फिरावा लागत नाही. गाडी सुरू होताना फ्लँज आधी तापते, बोल्ट मागून. त्या मधल्या वेळात फ्लँज फुगून गॅस्केटला आणखी चेपते, आणि थंड झाल्यावर चेपलेलं गॅस्केट पूर्ण वर येत नाही.

दुसरा प्रकार फिरून सैल होण्याचा. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिलं की जोड आडवा सरकत राहिला तर बोल्ट आपोआप सुटत जातो. आपण सर्रास घालतो ते कापलेले स्प्रिंग वॉशर त्याला थांबवत नाहीत. हेडरमध्ये आडवं सरकणं अटळ आहे. ४५० मिलिमीटरची स्टेनलेसची फ्लँज ३०० अंशांपर्यंत गेली तर दोन मिलिमीटरहून जास्त लांबते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, खरं तर जास्त फुगणारं, पण पाण्यामुळे ते ९० अंशांच्या आसपास राहतं आणि लांबतं पाऊण मिलिमीटर. उरलेला दीड मिलिमीटर दोन्ही टोकांना वाटला जातो. या हेडरच्या टोकाच्या भोकांत आतल्या बाजूला चमकणारी खाच होती, आणि बोल्टाच्या दांडीवर नेमकी तिथेच घासल्याची खूण. मधल्या बोल्टांवर असलं काहीच नाही. तारेने फिरणं अडवलं, ओढाताण तशीच चालू राहिली, आणि ती आट्यांनी सोसली.

आटेही अपुरेच होते. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट तरी आटे लागले पाहिजेत, म्हणजे इथे १२ मिलिमीटर. हेडर विकणाऱ्यांनी फ्लँज जाड केली आणि पिशवीत बोल्ट मात्र जुन्याच लांबीचे दिले. आत जात होते नऊ मिलिमीटर. याचा मला खरोखर राग येतो. इतकं सुंदर वेल्डिंग केलेल्या नळ्या, आणि त्या ज्याच्यावर उभ्या त्या बोल्टांचा विचार कोणीच केलेला नाही.

गेलेल्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवलं. हे काम घाईचं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद राहील असं इंजिन फिरवून ठेवलं, धूर निघायच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, कापड कोंबलं, ड्रिल सरळ जावं म्हणून जाड पट्टीत भोक पाडून ती शेजारच्या दोन बोल्टांनी हेडवर धरली. ८.३ चं ड्रिल, मग हेलिकॉइलचा टॅप, खाचांत ग्रीस भरून, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दर अर्ध्या फेऱ्याला मागे. कॉइल बसल्यावर तिची शेपटी तोडली. तो तुकडा चुंबकाने शोधू नये, स्टेनलेस चुंबकाला नीट चिकटत नाही. लांब चिमट्याने काढली.

बोल्ट सगळे बाद करून स्टड, म्हणजे डोकं नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्या, घातले. स्टड एकदा बसला की पुढची सगळी खोलाखोल नटावर होते, हेडचे आटे वाचतात. स्टड लांब घेतले आणि नटाखाली २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या नळ्या दिल्या. आता ताणली जाणारी लांबी ३५, म्हणजे ताण सहा शतांश. गॅस्केट थोडं बसलं तरी दाब शिल्लक राहील. नट पूर्ण धातूचे, तोंड चेपलेले. नायलॉनवाले नट इथे वितळतात. टोकाची भोकं लांबट केली आणि पोर्टांमधली फ्लँज कापून तिचे तुकडे मोकळे केले.

जोडताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. खालचा पाइप हेडरच्या तोंडापासून बोटभर बाजूला होता. आधी तो जॅकने रेटून जोडला असणार. मालकाला त्याच संध्याकाळी गाडी हवी होती, मी नाही म्हटलं. पाइप कापून लवचीक जोड घातला आणि आधाराचा ब्रॅकेट गिअरबॉक्सला दिला. बॉडीला दिला असता तर इंजिनच्या प्रत्येक हेलकाव्याला हेडर पिळला गेला असता.

चालवून झाल्यावर पूर्ण थंड इंजिनावर परत तपासायला मालक आले. आवाज नव्हता. नट फिरला तर कळावं म्हणून मारलेल्या रंगाच्या रेघा जुळलेल्या. तरी हेलिकॉइलवाल्या स्टडचा नट ठरल्या टॉर्कला पाव फेरा गेला, बाकीचे हललेही नाहीत. गॅस्केट त्या टोकाला उशिरा बसलं असेल, किंवा कॉइल वर सरकत असेल. दोन्हींत बाहेरून फरक दिसत नाही. म्हणून स्टडचं टोक हेडच्या तोंडापासून किती वर आहे ते डेप्थ गेजने मोजून जॉब कार्डावर लिहिलंय. पुढच्या वेळी तो आकडा तोच असेल तर गॅस्केट. वाढला असेल तर हेलिकॉइल काढून भरीव बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली जाड नळी, घालायची. तिला भोक मोठं लागतं, आणि त्या जागी पाण्याच्या पोकळीपर्यंत किती धातू उरलाय हे त्याआधी पाहावं लागेल.