त्याने घासाघीस केली नाही

त्याने घासाघीस केली नाही, तिथेच मला खटकलं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी हेराल्ड गाडी घ्यायला आलेला कोल्हापूरचा तो मुलगा. मी सांगितलेला आकडा ऐकून नुसती मान डोलावली आणि खिशातून मोबाईल काढून विचारलं, "अ‍ॅडव्हान्स आत्ताच टाकू का काकू?" आकडा मी चढवूनच सांगितला होता. खाली यायला जागा ठेवून. हे आतून बघत होते, त्यांच्याही भुवया वर गेल्या. आपल्याकडे जुन्या गाडीला सांगितलेली किंमत कोण देतं? निदान टायर बघायचे, गंज बघून चुकचुकायचं, "काकू, थोडं तुमचं, थोडं आमचं" म्हणायचं, मग चहा. ह्याने आधी पैसे कबूल केले आणि मग चहा घेतला.

चहा पिता पिता सांगितलं. "खोटं कशाला बोलू काकू, माझ्याकडं एक हेराल्ड हाय. तुमची मला पार्टसाठी पाहिजे."

काल दुपारपासून हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय. म्हणून लिहायला बसले.

विकायची हे ठरलेलंच होतं. दादा तर दर फोनला तेच विचारतो, "झालं का गाडीचं?" पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आलाय, शेडचा पत्रा गेल्या वर्षीच उडालाय, तो नवा घालायचा तर गाडीसाठीच घालायचा. प्राचीला त्या जागेत गाळा काढायचाय. हे सगळं मान्य. पण विकायची म्हणताना मनात चित्र वेगळं होतं. कुणीतरी घेईल, रंग काढेल, रविवारी बायकामुलांना बसवून आंबोलीला नेईल. कुठेतरी ती चालत असेल. चालत असेल एवढंच मला पाहिजे होतं. आणि ह्याला पाहिजेत दरवाजे. मागचे दोन दरवाजे, पुढची काच आणि जमलं तर गिअरबॉक्स. बाकीचं? "बाकीचं भंगारात जाईल काकू, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तर काय राहिला नाही." इतक्या सभ्यपणे म्हणाला की रागावताही येईना.

मला एवढं लागलं का, ते मला नीट कळत नाही. किंमत मिळाली. मुलगा चांगला आहे, हात लावायच्या आधी विचारत होता. दार लावताना आबा लावायचे तसं हलकं ढकलून लावलं. म्हणजे गाडी कळते त्याला. तरी लागलं.

1970 ची गाडी. स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री, मद्रासच्या कारखान्यातली. इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेराल्डला दोनच दरवाजे, चार दरवाज्यांची फक्त आपल्याकडे निघाली. इंजिन 948 सीसीचं. आकार इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेला, हे आबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, पाहुण्याला मिकेलोत्ती कोण हे माहीत असो नसो. बोनेट उघडलं की पुढच्या दोन्ही मडगार्डांसकट अख्खं पुढे कलंडायचं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं सगळं उघड्यावर. आम्ही लहानपणी टायरवर बसून आत बघायचो. आणि वळायची किती कमी जागेत! पंचवीस फुटांत अख्खा वळसा. गणपत गल्लीत जिथे फियाटवाला मागेपुढे करत घाम पुसायचा, तिथे आबा एका दमात वळवून बाहेर. नंदगड, जांबोटी, खानापूर, रात्री-अपरात्री व्हिजिटला हीच. जांबोटीच्या पावसात वायपर बंद पडला की आईच्या हातात काठीला बांधलेलं फडकं. आई तेव्हा किती बोलायची आबांना, आणि नंतर... असू दे.

पाटी अजून एमवायचीच आहे. म्हैसूर राज्याची. 56 साली बेळगाव तिकडे घातलं त्याबद्दल आबा आयुष्यभर चिडलेले, 1 नोव्हेंबरला दवाखाना बंद. पण ती पाटी त्यांनी दर दिवाळीला स्वतःच्या हाताने रंगवली. 73 ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, पुढे गावाचं नाव बेळगावी झालं, पाटी तीच. आता गाडी मोडायला दिली तर आरटीओत कळवावं लागणार. कायद्याने 14 दिवसांत कळवून आरसी परत करायची, मग तो नंबर रद्द. मला त्या नंबराचं काही वाटू नये खरं तर. आबांनी ज्या राज्यावर राग धरला त्याचाच तो नंबर. पण पुस्तकातून तो कायमचा खोडला जाणार म्हटलं की पोटात कसंतरी होतंय.

दुरुस्तीचं बघितलं नाही असं नाही. परवाच इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले मिस्त्री येऊन गेले. जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं आणि मला म्हणाले, "अक्का, इकडं या. हे बघा." चाकाच्या आत, खालच्या बाजूला मुठीएवढा गनमेटलचा तुकडा. त्याला ट्रनियन म्हणतात. चाक धरणारा उभा दांडा खाली ह्याच्यात आट्यांनी बसवलेला असतो आणि स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. तिथे तेल घालायचं असतं, गिअरचं जाड नव्वदचं तेल. पण वर निपल दिसलं की आपल्याकडचा गॅरेजवाला ग्रीसची गन लावतो. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, तिथे पाणी साचतं, दांडा आतून गंजतो, आणि एक दिवस वळणावर तुटतो. चाक आत दुमडतं आणि गाडी रस्त्यावर बसते. मिस्त्रींनी दांड्याचं खालचं टोक पुसून दाखवलं. आटे कसले, नुसती लाल भुकटी. बोटाने खरवडली तर नखात आली. "आबासाहेब होते तोवर तेलच जात होतं ह्याच्यात," मिस्त्री म्हणाले, "वास येतोय बघा अजून." खरंच येत होता. ग्रीसच्या थराखाली त्या जाड तेलाचा उग्र वास.

हे होण्यासारखं काम आहे. ट्रायम्फच्याच स्पिटफायर गाडीलाही हाच भाग लागतो, त्यामुळे इंग्लंडात अजून नवा मिळतो, आणि नाही मागवला तरी उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या टर्नरकडे करून मिळेल. देशभरच्या गाड्यांना क्रँकशाफ्ट करून देणारं गाव आहे हे. अडलंय चासीवर. खालून मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. बाजूचे हात गेले, मागचा आडवा तुकडा गेला. बॉडी उचलून चासी नवी बांधायची, मग टिंकरिंग, रंग, वायरिंग, काचेचं रबर. मिस्त्रींनी आकडा तोंडाने सांगितलाच नाही. पुड्याच्या कागदावर लिहून माझ्या हातात दिला आणि "इर्ली बिड्री अक्का", असू द्या, सोडा, म्हणून पाना पुसायला लागले. ह्यांच्या पेन्शनचं जवळजवळ वर्ष त्यात जातं.

आणि एवढं करून पुढे काय? प्राचीने व्हिंटेजचं शोधून काढलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 पासून वेगळी नोंदणी आहे, जुना नंबर ठेवता येतो, दहा वर्षांची मुदत. मला क्षणभर हायसं वाटलं. पण त्यात चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला तेवढी न्यायची. भाजी आणायला नाही, दवाखान्याला नाही. जी गाडी रात्री दोनला नंदगडच्या बाळंतिणीकडे जायची ती प्रदर्शनाला काढायची. साध्या नोंदणीवर ठेवावी तर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, फी, खेपा. ते सगळं करायला माणूस पाहिजे. दादा पुण्यात, प्राचीला तिचं काम, ह्यांचे गुडघे. उरले मी. आई गेली तेव्हा मी, आबांच्या शेवटी मी, घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा कागद धरून रांगेत मी. आता आबांची गाडी तुकडे करून द्यायला पण मीच. काल रात्री हे मनात आलं आणि फार वेळ रडू येत राहिलं. लिहायलाही बरं वाटत नाही, पण आलं ते आलं.

आज सकाळी शेडमध्ये गेले ते कागद शोधायला. डॅशच्या खणात नव्हते, म्हणून मागचं डावं दार उघडलं. ते दार पहिल्यापासून जरा अडतं. वर उचलून ओढावं लागतं. बिजागरीपाशी रंगाचा टवका उडालाय. आपला राखाडी रंग, त्याच्याखाली लाल प्रायमर, आणि त्याच्याही खाली पिवळसर पांढरा. सायीसारखा रंग. आपली गाडी कधी त्या रंगाची नव्हती.

मग आठवलं. हत्तरगीच्या अलीकडे ट्रकने घासून नेलं होतं ते. मी सातवी-आठवीत असेन. दार पार आत गेलं होतं, आणि त्याच दाराला टेकून मी झोपले होते म्हणून आई नंतर कितीतरी दिवस मला जवळ घेऊन निजायची. तेव्हा मद्रासहून दार येईना, कंपनीचं लक्षच उडालं होतं गाड्यांवरून. आबा हुबळीला गेले आणि एका हेराल्डचं दार घेऊन आले. टपावर बांधून, गोणपाटात गुंडाळून. आम्ही उड्या मारल्या. संध्याकाळी दार बसलं, दुसऱ्या दिवशी गाडी खानापूरला गेली.

हुबळीची ती हेराल्ड कुणाची होती? तिचं पुढे काय झालं? आमच्या घरात हे कधी कुणी विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. आबांच्या दृष्टीने ते दार होतं, आणि ते मिळालं ह्याचा आनंद. हुबळीतही कुणीतरी शेडमध्ये उभं राहून बघितलं असेल, एक माणूस येतो, दार काढतो, टपावर बांधून बेळगावच्या रस्त्याला लागतो. त्या दारावर पुढे आमची सगळी वर्षं गेली. मी सासरी निघाले तेव्हा त्याच दाराने बसले.

मी बराच वेळ तिथे मागच्या सीटवर बसून होते. ह्यांनी दोनदा हाक मारली.

ही गाडी मुळात तशीच जन्माला आलेली आहे. तिकडे इंग्लंडात अख्खी बॉडी करून देणारा कारखाना मिळेना, म्हणून बॉडीचे भाग वेगवेगळ्या ठिकाणी करून चासीवर बोल्टने जोडायचे असं ठरलं. दुसऱ्या गाड्यांना चासीच राहिली नव्हती तेव्हाची गोष्ट. आबा हे कौतुकाने सांगायचे, की हिचं काहीही काढा आणि काहीही लावा. मी हे लहानपणापासून ऐकत आले आणि काल तो मुलगा तेच म्हणाला तर मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

चार दरवाज्यांची हेराल्ड इथेच झाली, म्हणजे मागचे दरवाजे जगात दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत. ट्रनियन येईल लंडनहून, दार येणार नाही. त्या मुलाने किंमत पाडली नाही ती म्हणूनच. त्याला माहीत होतं. काल मला वाटलं, गाडीची किंमत त्याला नाही म्हणून तो वाद घालत नाही. आणि शेडमध्ये गंजत ठेवून तिची किंमत मी तरी कुठली राखणार? ह्या पावसाने दरवाजेही जातील. बेळगावचा पाऊस.

अजून वाईट वाटतंय. ते गेलं असं नाही. पण कालच्यासारखं अपमान झाल्यासारखं वाटत नाही.

दुपारी त्याला फोन केला. घे म्हटलं. तो इतका खूश झाला की बोलताना अडखळायला लागला. "काकू, उद्याच येतो." म्हटलं, येताना टोचन लावून न्यायची भाषा करू नकोस, पुढच्या डाव्या चाकाचे आटे गेलेत, निपाणीपर्यंतही पोचणार नाही. वर चढवून न्यायची गाडी घेऊन ये. आणि तुझ्या गाडीच्या ट्रनियनमध्ये काय घालतोस? म्हणाला, ग्रीस. मी त्याला चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. नव्वदचं तेल, निपल काढून तिथे बोल्ट लाव म्हणजे कुणी गन लावणार नाही. त्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "काकू, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी आबांचं नाव सांगितलं.

एक दार अडतं, वर उचलून उघडायचं, हेही सांगितलं. ते हुबळीचं आहे म्हणून.

पाटी मी काढून घेणार आहे. आरसी परत करताना पाटीचं काय ते आरटीओत विचारून बघेन, त्यांनी मागितली तर देईन.

दादाला अजून कळवलेलं नाही. इतकी वर्षं विका विका म्हणतोय, पण पार्टसाठी दिली म्हटलं की पहिल्यांदा तोच चिडणार. चिडू दे. हुबळीहून ते दार आणायला आबांबरोबर तोच गेला होता, त्याला आठवण करून देईन.