बाईंचे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असं संपादक मंडळाचं पत्र आलं. शाळेविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, मी इंग्रजीच्या बाईंविषयीच लिहिणार. तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू होई (पहिलीपासूनचं इंग्रजी 2000 साली आलं). साहजिकच आठवीतलं पोरही वाक्य मनात मराठीत जुळवी. बाईंचा त्याला विरोध नव्हता. मराठीतूनच या, पण पाय कुठे घसरतो ते ठाऊक असू द्या, असं त्या म्हणत.

पहिली घसरगुंडी ‘पासून’ची. मराठीत सोमवारपासून ताप आणि तीन दिवसांपासून ताप, दोन्हीकडे तोच प्रत्यय. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. बाईंची कसोटी अशी: कॅलेंडरवर त्या जागी बोट ठेवता येतं का? सोमवार, दिवाळी, 1985 यांवर बोट ठेवता येतं, म्हणून ‘सिन्स’. ‘तीन दिवस’ ही नुसती लांबी, म्हणून ‘फॉर’. आणि ‘येत्या सोमवारपासून सुट्टी’ असेल तर ‘सिन्स’ चालतच नाही, तिथे ‘फ्रॉम’. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’ या वाक्यात चुका दोन, हे त्या दरवर्षी बजावत. ‘सिन्स’ बदलून भागत नाही. काम अजून चालू आहे, तेव्हा क्रियापदही ‘हॅव बीन वर्किंग’ हवं. गाइडं नेमकी ही दुसरी चूक सोडून देतात.

‘पर्यंत’चा प्रसंग आमच्या तुकडीला तरी आठवत असेल. दर्शनी फळ्यावर सूचना होती: ‘सबमिट द फॉर्म्स अनटिल सॅटरडे’. बाई थबकल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे शनिवारपर्यंत रोज फॉर्म देतच राहायचे का रे?” मग तेवढाच एक शब्द पुसून त्यांनी ‘बाय’ लिहिलं आणि तिथेच, जिन्याशी, दहा मिनिटांचा तास झाला. काम एकदाच होऊन संपत असेल (देणं, पोचणं, परत करणं) तर ‘बाय’. काम तोवर चालूच राहणार असेल (थांबणं, झोपणं, दुकान उघडं असणं) तर ‘अनटिल’. वेळेकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. अंतराच्या ‘पर्यंत’ला मात्र दोन्ही नकोत: स्टेशनपर्यंत चालत गेलो, तर ‘टू द स्टेशन’ किंवा ‘ॲज फार ॲज द स्टेशन’.

झाडावरचा आंबा ‘ऑन द ट्री’ पण झाडावरची चिमणी ‘इन द ट्री’, सकाळी ‘इन द मॉर्निंग’ पण सोमवारी सकाळी ‘ऑन मंडे मॉर्निंग’, हे त्या सरळ पाठ करून घेत. इथे नियम शोधत बसू नका, म्हणत. मला ते अजूनही पटतं.

‘डिस्कस’ला ‘अबाउट’ जोडलं की मात्र त्यांचा पारा चढे. ‘फीविषयी चर्चा केली’ मधलं ‘विषयी’ तिकडे नेऊ नका. ‘वी डिस्कस्ड द फीज’ एवढंच पुरतं. नाम झालं की ‘अ डिस्कशन अबाउट फीज’ चालतं. ‘रीच’, ‘एंटर’, ‘मॅरी’ यांचंही तसंच: ‘शी मॅरीड अ डॉक्टर’. ‘मॅरीड विथ’ हे आपलं ‘-शी लग्न’ झालं. लग्न झालेलं आहे असं सांगायचं तर इंग्रजीत ‘इज मॅरीड टू’.

आज निर्यातीच्या कचेरीत परदेशी पत्रव्यवहार बघताना मी ‘बाय फ्रायडे’ आणि ‘अनटिल फ्रायडे’ दोनदा वाचतो. माल शुक्रवारच्या आत पोचवायचा की शुक्रवारपर्यंत राखून ठेवायचा, सगळा हिशेब त्या एका शब्दावर. हल्ली परीक्षेत चार पर्यायांतून एकावर खूण करायची असते. त्यात मुलाला ‘सिन्स’ बरोबर मिळतं आणि रजेच्या अर्जात ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज’ तसंच राहतं. महोत्सवी वर्षात खर्च करायचाच असेल तर बाईंचा शनिवारचा वाक्यदुरुस्तीचा तास पुन्हा वेळापत्रकात घ्यावा. पाच वाक्यं पुरेत, फक्त ती पुस्तकातली नकोत, मुलांच्याच अर्जांतली घ्यावीत.