चुकलेले नाव मुकाट्याने स्वीकारणारा कन्स्ट्रक्टर : माझा अनुभव

वडोदऱ्यातील एका मराठी वाचनालयाच्या वर्गणीसाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला होता. नव्या वर्षाच्या पावत्या वाटल्यावर दांडिया बाजारात राहणारे एक ज्येष्ठ सभासद काका पावती घेऊन माझ्याकडे आले. "अगं, मागच्या वर्षी दीडशे घेतले होते, यंदा तीनशे कसे?" असे त्यांनी विचारले. पाहते तर सवलतीच्या रकान्यात शून्य, आणि इतर सर्व ज्येष्ठांच्या पावत्यांवरही तेच.

संध्याकाळभर मी हिशोबाचे सूत्र तपासत बसले. ते बरोबर होते. दोष त्याच्या आधी, सभासदाचे ऑब्जेक्ट (त्याच्या माहितीचा एकत्र संच) तयार करणाऱ्या ओळीत होता. तेथे ‘डिस्काउंट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सी आणि ओ यांची अदलाबदल झाली होती. कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारे फंक्शन, केडब्ल्यूआर्ग्ज (कोणत्याही नावाने माहिती स्वीकारण्याची सोय) घेणारा असल्यामुळे कोणत्याही नावाचे आर्ग्युमेंट, म्हणजे पुरवलेली माहिती, डिक्शनरीत (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांच्या संग्रहात) जमा होत असे, आणि ‘डिस्काउंट’ हे नाव तिच्यात सापडले नाही, तर तिची गेट मेथड मी ठरवून दिलेले शून्य परत करीत असे. प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडला असता, तर पावत्या छापल्याच गेल्या नसत्या.

त्याच रात्री केडब्ल्यूआर्ग्ज काढून मी डेटाक्लास वापरला. पायथॉन 3.7 मध्ये, म्हणजे 2018 साली, आलेल्या या सोयीत घोषित फील्डांवरूनच (आधी नावे ठरवलेल्या माहितीच्या रकान्यांवरूनच) कन्स्ट्रक्टर तयार होतो आणि इतर नाव तो नाकारतो. चुकीची ओळ मुद्दाम तशीच ठेवून प्रोग्राम चालवला, तेव्हा टाइपएरर आला आणि ‘अनएक्स्पेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट’ या शब्दांपुढे ते उलटसुलट स्पेलिंग जसेच्या तसे उमटले. सवलतीचे डीफॉल्ट, म्हणजे काही न दिल्यास आपोआप धरले जाणारे, शून्यही मी काढून टाकले, कारण पैशाच्या फील्डला डीफॉल्ट देऊ नये असे माझे आता ठाम मत झाले आहे.

तरीही एक वाट उघडी होती. ऑब्जेक्ट तयार झाल्यानंतर चुकीच्या नावाच्या ॲट्रिब्यूटला (ऑब्जेक्टमधील नोंदीला) किंमत दिली, तर पायथॉन तक्रार न करता नवे ॲट्रिब्यूट बनवतो. ते रोखण्यासाठी डेटाक्लासला स्लॉट्स ट्रू केले, म्हणजे घोषित नसलेल्या नावाचे ॲट्रिब्यूट बनतच नाही. हा पर्याय 3.10 पासून मिळतो.

सभासदांची यादी मात्र सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमधून) येते आणि ती वाचायला मी पायडॅन्टिक या माहिती तपासणाऱ्या पायथॉन लायब्ररीचे मॉडेल वापरते. पायडॅन्टिक स्वभावतः अनोळखी फील्डकडे दुर्लक्ष करते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मॉडेलच्या कॉन्फिगमध्ये ‘एक्स्ट्रा’ची किंमत ‘फॉरबिड’ (अनोळखी फील्डला मनाई) करताच पहिल्याच ओळीला व्हॅलिडेशन एरर आला. फोन क्रमांकाच्या रकान्याच्या शीर्षकाला शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली होती. ते फील्ड ऐच्छिक असल्यामुळे कित्येक महिने एकाही सभासदाचा फोन क्रमांक नोंदला गेला नव्हता. शीर्षक दुरुस्त करून यादी पुन्हा भरली, ज्येष्ठांच्या पावत्या नव्याने छापल्या आणि काकांचे जादा घेतलेले दीडशे रुपये मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिले.