तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या मॉरिसमध्ये माझदाचं इंजिन का बसवलं

“इतकी छान जुनी गाडी. तिचं मूळ इंजिन काढून जपानी इंजिन का घातलंत? आणि घरच्या गॅरेजमध्ये हे जमतं तरी कसं?” हा प्रश्न मला सगळेच विचारतात. भारतातून आलेले पाहुणे विचारतात, इथल्या गणपतीत भेटणारी मंडळी विचारतात आणि बॉनेट उघडं दिसलं की पेट्रोल पंपावरचे अनोळखी आजोबाही थांबून विचारतात. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं. आज सविस्तर लिहिते.

माझी गाडी १९६७ची मॉरिस मायनर आहे. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहते, नोकरी ऑक्सफर्डच्या बाजूला. ही गाडी ज्या काउलीच्या कारखान्यात तयार झाली, तोही ऑक्सफर्डमध्येच. मूळ इंजिन १०९८ सीसी, ४८ अश्वशक्तीचं, आणि कमाल वेग ताशी जेमतेम ७५ मैल. गावातल्या गावात ते इंजिन आजही गोड चालतं. पण माझा रोजचा रस्ता एम-४० मोटरवेचा. तिथे ताशी ७० मैलांना या गाडीचं इंजिन टॉप गिअरमध्ये मिनिटाला सुमारे ४,२०० फेरे घेतं. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि कोणाच्या पुढे जायचं म्हटलं तर इंजिनात जोर काहीच शिल्लक नाही. वेग ५५ मैलांवर आणला की मागे ट्रक चिकटतो, चढ लागला की तो ओव्हरटेक करून निघून जातो. अशी गाडी रविवारी काढून पुसून ठेवायची वस्तू होते. मला ती रोज चालवायची होती, पावसात, थंडीत, कामावर जाताना. कारण एवढंच.

“म्हणजे मूळ गाडी बिघडवलीच की!” हा पुढचा आक्षेप. तो मला मनापासून खोडून काढायचा आहे, कारण आपण भारतात वाढलेल्यांनी तरी असं म्हणू नये. हीच मायनर उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने तयार केली होती. त्यांचीच अँबॅसडर १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, आणि १९९०च्या दशकात कंपनीने स्वतः तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स घातला. तेव्हा अँबॅसडर बिघडवली असं कोणी म्हटलं नाही, उलट लोक कौतुकाने ‘इसुझूवाली’ म्हणून सांगायचे. प्रीमियरच्या ११८ एनईचंही तेच, अंग फिआट १२४चं आणि इंजिन निस्सानचं. मायनरने तर तिच्या १९४८ ते १९७१च्या आयुष्यात कारखान्यातच इंजिनं बदलली, आधी ९१८ सीसी, मग ८०३, मग ९४८ आणि शेवटी १०९८. यातलं ‘मूळ’ कोणतं धरायचं?

तरी माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही. जे परत पूर्वीसारखं करता येणार नाही, असं काहीही कापायचं नाही. माझं जुनं इंजिन सिलिंडरमध्ये तेल सोडून, तोंडं बंद करून, स्टँडवर ठेवलेलं आहे. उद्या कोणी ही गाडी घेतली आणि त्यांना जुनं इंजिन परत हवं असेल, तर चेसिसला एक नवं भोक दिसणार नाही. आणि सगळ्याच गाड्यांना हात लावू नये. अगदी सुरुवातीची, ग्रिलमध्ये खाली हेडलाइट असलेली मायनर कोणाकडे धडधाकट असेल, तर तिला जशी आहे तशीच सांभाळावी. सोळा लाखांच्या वर मायनर तयार झाल्या. माझी त्यातली अगदी साधी, आधीच दोन-तीनदा दुरुस्त झालेली. तिच्यावर हा प्रयोग करायला मला संकोच वाटला नाही.

आता ‘कसं’. लोकांना वाटतं इंजिन उचलून आत बसवणं हेच मोठं काम. खरं तर भाड्याच्या क्रेनने ते एका दुपारचं काम आहे. खरा वेळ जातो तो बाकीच्या गाडीला त्या इंजिनाच्या लायक करण्यात, आणि त्यात पहिला नंबर ब्रेकचा. मायनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि तेलाची एकच लाइन. ती एक फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर कुठे, तर ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिसच्या पोटात, चिखलपाणी खात बसलेला. मी इंजिन विकत घेण्याआधी पुढे डिस्क बसवल्या, ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन केल्या आणि जुन्या इंजिनावरच काही महिने गाडी चालवून पाहिली. जो कोणी मला सल्ला विचारतो त्याला मी हेच सांगते: आधी थांबायचं बघा, पळायचं नंतर. यावर मी कोणाशी तडजोड करत नाही.

इंजिन निवडलं माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचं, १.६ लिटरचं. कारण सरळ आहे. मायनरचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी असतात आणि पुढची चाकं फिरवतात, त्यामुळे ती इथे निरुपयोगी. एमएक्स-५मध्ये सगळं हवं तसं आहे: उभं इंजिन, मागे जोडलेला पाच गिअरचा गिअरबॉक्स, आणि इथल्या भंगारवाल्यांकडे गंजलेल्या गाड्यांची कमी नाही. त्यातही मी ११४ अश्वशक्तीचं प्रसिद्ध इंजिन मुद्दाम टाळलं आणि १९९५ नंतर ब्रिटनमध्ये आलेलं ८८ अश्वशक्तीचं घेतलं. मायनरचा मागचा अॅक्सल आणि त्याचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ४८ अश्वशक्तीसाठी केलेले आहेत. त्यांच्यावर दुपटीहून जास्त ताकद टाकली की आधी पाटे पिळतात, चाक थडथडतं, आणि एक दिवस अॅक्सलमधला शाफ्ट तुटतो. ८८ पुरेसे आहेत. पाचव्या गिअरमुळे आता ७० मैलांना इंजिन ३,४००च्या आसपास फिरतं, आणि मला खरं तर ताकदीपेक्षा हेच हवं होतं.

एक सल्ला: नुसतं इंजिन घेऊ नका, अख्खी चालती गाडी घ्या. इंजिन सुरू करून ऐकता येतं, आणि वायरिंग, कॉम्प्युटर, सेन्सर, नटबोल्ट, सगळं एकाच गाडीतलं मिळतं. उरलेले भाग विकले की बराचसा खर्च वसूल होतो.

आता ज्यात मी सगळ्यात जास्त रमले ते काम सांगते. खरं इंजिन आत घालण्याआधी मी एक रिकामा ब्लॉक आणला. क्रँक नाही, पिस्टन नाहीत, नुसता सांगाडा. त्याला गिअरबॉक्सचं रिकामं आवरण, ऑइल चेंबर आणि वरचं हेड जोडलं. हे सगळं दोघांना हाताने हलवता येतं. मग ते गाडीत ठेवायचं, लाकडी ठोकळे सरकवायचे, आणि बघत बसायचं. चेंबर खालच्या आडव्या पट्टीला लागतोय का? बॉनेट बंद होतंय का? गिअरचा दांडा हाताशी येतोय की सीटखाली जातोय? मायनरचं एक सुख आहे, गिअरबॉक्सवरचं पत्र्याचं आवरण बोल्टांनी बसवलेलं असतं, त्यामुळे ते काढून वरून सगळं दिसतं, आणि नंतर नवं आवरण करताना मूळ पत्रा जसाच्या तसा ठेवता येतो.

या बघण्यातून एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. माझदाच्या या इंजिनात कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, स्थिती सांगणारा सेन्सर हेडच्या अगदी मागच्या टोकाला आहे. इंजिन मागे सरकवलं की तो इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला भिडतो. त्याच सेन्सरची रबरी रिंग जुनी झाली की तिथून तेल झिरपतं आणि मागे गिअरबॉक्सच्या तोंडावर उतरतं. गाडीत बसवल्यावर तिथे हात जाणं मुश्कील. म्हणून ती रिंग, मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप इंजिन बाहेर असतानाच बदलले, आणि सेन्सर काढता येईल एवढी जागा मागे ठेवली. शिवाय मायनरची बॅटरी त्याच भिंतीवरच्या कप्प्यात असते, ती डिकीत गेली.

गिअरबॉक्सचं वेगळंच. एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्सच्या शेपटीला स्वतःचं माउंटिंगच नसतं. एक लांब अॅल्युमिनियमची फ्रेम त्याला थेट मागच्या डिफरन्शियलशी जोडते आणि दोघं एकमेकांना धरून राहतात. मायनरचा मागचा अॅक्सल पाट्यांवर वरखाली होतो, म्हणून ती फ्रेम इथे चालत नाही. गिअरबॉक्सच्या शेपटीसाठी नवी आडवी पट्टी आणि रबरी माउंटिंग करावं लागतं. मी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मापं घेतली, आणि वेल्डिंग मात्र परवानाधारक वेल्डरकडून करून घेतलं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलला नेणारा प्रॉपेलर शाफ्टही तसाच. पुढचं टोक माझदाचं, मागचं मायनरचं, आणि मधली नळी जोडून बॅलन्स करण्याचं काम त्याच धंद्यातल्या दुकानाचं. मापं मात्र तुम्हीच अचूक द्यायची असतात. गिअरबॉक्स जेवढा खाली झुकलेला, तेवढंच अॅक्सलचं नाक वर असायला हवं, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे फिरत्या सांध्यांचे, कोन एकमेकांना काटतात. तसं नसेल तर एका ठराविक वेगाला अख्खी गाडी गुणगुणायला लागते, आणि लोक त्याचा दोष इंजिनाला देतात.

तेव्हा घरी केलं म्हणजे एकटीने सगळं केलं असं नाही. काय स्वतः करायचं आणि काय जाणकाराच्या हाती द्यायचं, हे आधीच ठरवलं होतं.

विजेचं काम अनेकांना अवघड वाटतं. माझ्या मायनरमध्ये तर बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली होती. नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला निगेटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली लागते. म्हणजे बॅटरी उलटी जोडायची, आणि उलट्या जोडणीने ज्याला फरक पडतो असं जे जे गाडीत आहे ते तपासायचं. मूळचा डायनामो २२ अँपिअरचा, तो गेला आणि माझदाचा अल्टरनेटर आला. माझदाचं वायरिंग टेबलावर पसरून, आकृती समोर ठेवून, इंजिनाला लागणार नाही ती एकेक तार सोडवली. खिडक्या, एअरबॅग, रेडिओ, सगळं गेलं, आणि उरलेला जुडगा मनगटाएवढाही नव्हता.

पेट्रोलची लाइन मात्र गमतीने घेण्यासारखी नाही. जुन्या कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनला चाळीसच्या आसपास लागतो. जुने पाइप आणि क्लिपा इथे चालणार नाहीत. मायनरची टाकी पसरट, आतून मोकळी. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. म्हणून मध्ये एक छोटी उभी टाकी लावली, जी कायम भरलेली राहते आणि तिथून मोठा पंप पेट्रोल उचलतो. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय, जुनं रबर त्याने खराब होतं, म्हणून सगळे पाइप त्याला टिकणारे घेतले. हे काम करताना गॅरेजचं दार उघडं आणि हाताशी अग्निशामक, यात सूट नाही.

कागदपत्रं. इंजिन बदलल्यावर नवा इंजिन नंबर आणि सीसी इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला कळवावे लागतात, विमा कंपनीलाही. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना इथे वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण मोठा बदल केलेल्या गाडीला ती मिळत नाही. मी दरवर्षी तपासणी करून घेते, आणि सूट असती तरी घेतलीच असती.

आणि शेवटी, पुण्या-कोल्हापुरातून विचारणाऱ्यांसाठी. “आमच्या पद्मिनीत असंच करता येईल का?” हात आणि कौशल्य तिकडे भरपूर आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तक विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी किंवा विजेवर गाडी करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. शिवाय ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आली, पण ती गाडी मूळ रूपात असेल तरच. म्हणजे तुमची पद्मिनी पन्नाशीच्या जवळ असेल, तर इंजिन बदलून तुम्ही तो हक्कही घालवाल. अशा वेळी माझं उत्तर असं: तेच इंजिन उघडा, बोअर मोजा, नवे पिस्टन-रिंग घाला, हेड घासून घ्या, कार्ब्युरेटर नीट करा, आणि उरलेले पैसे ब्रेकवर खर्च करा. काहीही करण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, आणि मिळालेलं उत्तर गाडीच्या कागदांसोबत ठेवा.