रूमी दरवाजा उलटा लावला होता

सकाळी साडेआठच्या सुमारास लखनौला पोचायची पुष्पक त्या दिवशी दुपारी तीनला पोचली. कल्याणला बसले तेव्हा गाडी वेळेवर होती. उरईच्या पुढे धुकं लागलं आणि तिथून कानपूरपर्यंत आम्ही बैलगाडीच्या वेगाने आलो. लखनौच्या चारबाग स्टेशनला उतरले तेव्हा बोटं इतकी गारठली होती की कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन ओढता येईना. हॉटेलात शिरले, काउंटरवर आधार कार्ड ठेवलं, रजिस्टरवर सही केली, किल्लीसाठी हात पुढे केला आणि समोरच्या मुलाच्या डोक्यामागे भिंतीवर माझा फोटो दिसला.

म्हणजे मी काढलेला. रूमी दरवाजा, लखनौची नवाबी काळातली भव्य कमान, जानेवारी २०१९, सकाळी पावणेसात. सहा फूट रुंद, सोनेरी चौकटीत, वरून पिवळा दिवा सोडलेला.

खोटं कशाला बोलू, क्षणभर आनंदच झाला. आपलं काम इतकं मोठं छापलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी रजईतून उठून पायी गेले होते, धुक्यात तासभर उभी राहिले होते, आणि दरवाजाच्या कमानीखालून एक सायकलरिक्षा बाहेर येते न येते तोच बटण दाबलं होतं. मग मी जवळ गेले आणि काहीतरी खटकलं. रिक्षा चुकीच्या दिशेला चालली होती. तिच्या मागच्या पत्र्यावर रंगवलेली अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. माझ्या फोटोत आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात एक राखाडी ठिपका आहे. सेन्सरवर धुळीचा कण बसला होता आणि नंतर तो साफ करायचा राहून गेला. इथे तो ठिपका उजवीकडे आला होता. काउंटर ज्या बाजूला आहे त्या बाजूला दरवाजा दिसावा म्हणून कुणीतरी अख्खा फोटो पालटून छापला होता. आणि खालची चार बोटं पट्टी कापून टाकली होती. त्या पट्टीत माझं नाव होतं.

"ये फोटो कहाँ से लिया आपने?"

"नेट से लिया होगा मैडम. बहुत अच्छा है ना? सब गेस्ट इसी के सामने सेल्फी लेते हैं."

मुलगा अगदी मनापासून बोलत होता. मी सांगितलं, हा मी काढलाय. त्याने आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन मॅनेजरना घेऊन आला. पन्नाशीचे गृहस्थ, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "आप तशरीफ़ तो रखिए, इतनी ठंड में आई हैं." चहा आला, सोबत बिस्किटं आली, हीटर माझ्या पायांकडे वळवला गेला. लखनौची ही रीत मला मनापासून आवडते, आणि त्या दुपारी तिनेच मला अडचणीत टाकलं. इतक्या अदबीने विचारपूस करणाऱ्या माणसावर आवाज कसा चढवायचा? मुंबईत मी कधीच चढवला असता.

मोबाइलमध्ये मूळ फोटो दाखवला, तो धुळीचा ठिपका बोट ठेवून दाखवला. त्यांना पटलं. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता: "इंटरनेट पर तो सबका होता है ना?"

हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय. डोंबिवलीत ऐकलाय, पुण्यात ऐकलाय, शिकल्यासवरलेल्या लोकांकडून ऐकलाय. म्हणून जे मी त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं ते इथे नीट मराठीत लिहिते. नेटवर दिसतं म्हणजे सगळ्यांचं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. हक्क फोटो काढल्या क्षणी मिळतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. पूर्वी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं एवढंच संरक्षण होतं. २०१२ च्या दुरुस्तीने ते छायाचित्रकाराची हयात आणि त्यापुढे ६० वर्षं असं झालं, लेखक आणि चित्रकारांना आहे तसंच. फोटोवरचं किंवा फाइलमधलं नाव जाणूनबुजून काढून टाकणं हा त्याच दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकले तरी "हे काम माझं आहे" असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक कळकळीने सांगते, कारण यात माझेच हात पोळलेत. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, करारात दुसरं काही लिहिलं नसेल तर, पैसे देणारा असतो. एक कागद करून घ्या. दोन ओळींचा का होईना.

मॅनेजर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, दोन रात्रींचं भाडं देऊ नका, हिशेब मिटला. मी नको म्हटलं. मी तीन गोष्टी मागितल्या: फोटो सुलटा करा, खाली नाव लावा, आणि असा मोठा फोटो लावण्याचे मी इतरांकडून जे पैसे घेते तेच तुम्ही द्या. नावापर्यंत ते लगेच तयार झाले. पैशांचा विषय निघताच मात्र त्यांचा चेहरा पडला. "मालिक से पूछना पड़ेगा." हा चेहरा मी ओळखते. नाव मागितलं तर कलावंत, पैसे मागितले की लालची. पण कॅमेरा, लेन्स, पुष्पकचं तिकीट, सगळं मी पैसे मोजूनच घेतलेलं असतं.

इतकी मोठी फाइल त्यांच्या हाती कशी लागली, याचा मी रात्रभर विचार केला. मी नेटवर टाकते ते फोटो लहान असतात, त्यातून सहा फुटांची छपाई करायला गेलं तर नुसते चौकोन दिसतील. मग आठवलं. प्रवासाचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने कॅलेंडरसाठी पूर्ण आकाराची फाइल मागितली होती, "निवड झाली तर कळवू" म्हणून. कळवलं कधीच नाही. मी ती विश्वासाने पाठवली होती, आता निवड पक्की झाल्याशिवाय कुणालाही पाठवत नाही. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली, ती तर कुणालाच देत नाही. वाद झालाच तर हाच आपला सातबारा.

दुसऱ्या दिवशी बडा इमामबाडा. शाळांच्या सहली, गाइडांची ओढाताण, भूलभुलैयात मुद्दाम किंचाळणारी पोरं. गर्दीने मी वैतागले होते. पण खालच्या मोठ्या दालनात आले आणि थांबले. सुमारे ५० मीटर लांब दालन आणि छताला एकही तुळई नाही. १७८४ च्या सुमाराला दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाब आसफउद्दौलाने ही इमारत आणि शेजारचा रूमी दरवाजा बांधायला काढला, हे सगळेच गाइड सांगतात. त्या दिवशी मला ऐकू आलं ते दुसरंच. नवाबाची कबर याच दालनात आहे, आणि ही इमारत ज्याने आखली त्या किफायतुल्लालाही इथेच पुरलं आहे. बांधवून घेणारा आणि बांधणारा एकाच छताखाली. आदल्या दिवशीची कापलेली पट्टी मनात होती म्हणून असेल, मी तिथे बराच वेळ उभी राहिले. एकही फोटो काढला नाही.

रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रजांच्या पडक्या जुन्या वसाहतीत, तासभर फिरले. १८५८ मध्ये फेलिचे बिआतो या युरोपीय छायाचित्रकाराने टिपलेलं उद्ध्वस्त लखनौ जगभर माहीत आहे. त्याच्याही आधी, १८५७ च्या उठावापूर्वी, अहमद अली खान नावाचा लखनौचाच माणूस इथल्या माणसांचे फोटो काढत होता. फोटोग्राफीच्या वर्गात मला हे नाव कुणी सांगितलं नाही.

मधला एक दिवस अमीनाबादच्या रेटारेटीत आणि ई-रिक्षांच्या भोंग्यांत गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कैसरबागेत मात्र मराठी माणसाने जावंच. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याच्या परीखान्यात आपल्या संगीतज्ञ भातखंड्यांनी सुरू केलेलं संगीताचं विद्यालय आहे. वाळकेश्वरला जन्मलेला, वकिली शिकलेला हा माणूस हिंदुस्थानभर फिरला. घराण्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवल्यासारख्या जपलेल्या बंदिशी त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापून सगळ्यांपुढे ठेवल्या, तेही मराठीतून. १९२६ मध्ये लखनौला कॉलेज निघालं, आज ते विद्यापीठ आहे. आत कुठल्याशा खोलीत मुली एकच ओळ पुन्हा पुन्हा घोकत होत्या. बाहेर उन्हात बसून ऐकताना मला सारखं वाटत होतं की ज्या उस्तादांनी मन घट्ट करून ती चीज दिली असेल, त्यांना त्या रात्री झोप लागली असेल का? आणि दिली नसती तर या मुलींपर्यंत ती आली असती का? मला याचं एकच एक उत्तर देता येत नाही. कुलूप लावून ठेवलेलं मरतं हे मला दिसतं. उघड्यावर ठेवलेलं लुटलं जातं हे मी हॉटेलच्या भिंतीवर पाहिलं होतं.

त्या जुन्या लोकांनी यावर एक उपाय काढला होता. नाव बंदिशीच्या आतच विणायचं. दिल्ली दरबारातला गायक सदारंग, त्याच्या ख्यालात "सदारंग" येतो आणि त्याच्या बादशहाचं, मुहम्मदशाहाचंही नाव येतं. लखनौच्या ठुमऱ्यांत कदरपिया. खुद्द वाजिद अली शाह "अख्तरपिया". भातखंड्यांनी स्वतः रचलेल्या चिजांत "चतुर". आपल्याकडे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, "तुका म्हणे" आलं की अभंग कुणाचा ते. "एका जनार्दनी" म्हणताना नाथ आपल्या आधाराला गुरूलाही उभं करतात. ही पट्टी खालून कापता येत नाही. कापली तर वृत्त मोडतं, ताल सुटतो. फोटोत अशी मुद्रा कुठे घालायची? कोपऱ्यातलं नाव कापतात, मधोमध टाकलं तर फोटोच मरतो. मला माझा रूमी दरवाजा ओळखता आला तो त्या धुळीच्या ठिपक्यामुळे.

शेवटच्या दिवशी पहाटे चौकात गेले. गोल दरवाजापाशी मख्खन मलई खाल्ली. हिवाळ्यातच मिळते, जिभेवर ठेवली की विरते, मागे नुसतं केशर उरतं. मग ओळखीच्या एका बाईंनी मला चिकनच्या छपाईवाल्यांच्या गल्लीत नेलं. चिकन म्हटलं की आपल्याला टाके आठवतात, मुर्री, फंदा, टेपची, जाली. पण सुई लागण्याआधी कापडावर नक्षी छापावी लागते, लाकडी ठप्प्याने, नीळ आणि गोंद कालवलेल्या रंगात. जिन्याखालच्या एका खोलीत एक चाचा उकिडवे बसून छापत होते. भिंतभर फळ्या, फळ्यांवर शेकडो ठप्पे, वापरून वापरून काळेभोर झालेले. ठप्पा रंगात टेकवायचा, मलमलीवर ठेवायचा, वर मुठीने एक ठोसा. उचलला की खाली निळी वेल. पुढचा ठप्पा मागच्या वेलीच्या टोकाला केसाचंही अंतर न सोडता बसत होता, आणि ते मापाला पट्टीसुद्धा घेत नव्हते. करंगळीच्या टोकाने नुसता अंदाज घ्यायचे.

मी कॅमेरा वर केला. त्यांनी हात न थांबवता म्हटलं, "बिटिया, ठप्पों का फोटो मत लेना."

मी विचारलं, का? त्यांनी मांडीजवळचा एक नवा, अजून लाकडाचाच रंग असलेला ठप्पा माझ्याकडे सरकवला. कैरीच्या आत मासोळी, तिच्या अंगावर खवल्यांच्या जागी बारीक पाकळ्या. अवधच्या नवाबांची मासोळी इथे दारादारावर दिसते, पण अशी मी कुठे पाहिली नव्हती. ती त्यांनी कागदावर स्वतः काढली होती आणि कोरणाऱ्याकडून महिनाभर बसून करून घेतली होती. मागच्या वर्षी असाच एक नवा ठप्पा कुणीतरी मोबाइलवर टिपून नेला. पंधरा दिवसांत तीच नक्षी मशीनच्या भरतकामात बाजारात, त्यांच्या छपाईच्या निम्म्या भावात. २००८ पासून लखनौच्या चिकनकारीला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे. ते लखनौ हे नाव राखतं. या खोलीतली मासोळी कुणाची, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही.

मी कॅमेऱ्याला झाकण लावलं. ज्या बोटाने मी मॅनेजरना माझा ठिपका दाखवला होता तेच बोट आता बटणावर होतं, आणि मी विचारलंही नव्हतं. त्यांनी सांगितलं म्हणून थांबले. सांगितलं नसतं तर वीस-पंचवीस फोटो काढून, छान छान म्हणत, रात्री नेटवर टाकून मोकळी झाले असते.

निघताना त्यांना विचारलं, ही निळी रेघ तर शेवटी धुतली जाते, मग वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "धुलने के लिए ही छापते हैं. धुल गई तो समझो काढ़ने वाली ने हमारी लकीर ठीक से पकड़ी." मग स्वतःहून म्हणाले, ठप्पे नको, पण हातांचा काढा. मी एकच काढला. निळी बोटं, मलमलीवर टेकलेली करंगळी.

हॉटेल सोडताना काउंटरमागे पाहिलं. चौकटीखाली पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती, हिंदीत माझं नाव, आडनावातला "ळ" "ल" झालेला. फोटो उलटाच होता. मॅनेजर म्हणाले, नवा छापून आला की पाठवतो. मालकांशी बोलणं व्हायचंय. मी त्यांना माझ्या दराचं पत्र आणि बँकेचा तपशील देऊन आले. या गोष्टीला सहा आठवडे झाले. एकदा आठवण केली, "ज़रूर मैडम" असं उत्तर आलं.

चाचांच्या हातांचा फोटो त्यांच्या नातवाच्या नंबरवर पाठवलाय. विचारलंय की लेखात लावू का, आणि खाली नाव कसं लिहू. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही. म्हणून या लेखात तो फोटो नाही.