आधी नाक उघडलं, मग तोंड मिटलं

धावायला लागलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: तोंड बंद ठेव, नाकाने श्वास घे. मलाही मिळाला. सल्ला वाईट नाही, पण देणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही की बाई, तुझं नाक चालू आहे का? माझं नव्हतं. पावसाळ्यात एक नाकपुडी कायम चोंदलेली, थंडीत दोन्ही. डिसेंबरात पळून घरी आलं की दहाएक मिनिटांनी खोकल्याची अशी उबळ यायची की शेजारी विचारायचे, बरं आहे ना? साताऱ्यात राहून यवतेश्वरच्या घाटातली हाफ मॅरेथॉन करायची म्हणजे अर्धं अंतर चढच. एवढ्या तुटपुंज्या हवेवर ते जमणारं नव्हतं.

घरगुती इलाज झालेच. सासूबाईंची ओव्याची पुरचुंडी, निलगिरीचं तेल, बाम. बरं वाटतं, यात शंका नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मेंथॉलने नाक उघडत नाही. गारवा जाणवणाऱ्या नसा चेतवल्या जातात आणि हवा जास्त जातेय असा भास होतो. मेडिकलमधून मिळणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब मात्र खरंच नाक उघडतात, काही मिनिटांत. म्हणूनच ते धोक्याचे. तीन-चार दिवसांपलीकडे घेत राहिलं तर थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि माणूस पुन्हा बाटली शोधतो. आमच्या गटातला एक जण वर्षानुवर्षं ती बाटली खिशात घेऊन पळायचा.

‘नाकाचं हाड वाढलंय’ हे निदान आपल्याकडे कुणीही करतं, अगदी चहाच्या टपरीवरही. पहिल्या डॉक्टरांनी तेच सांगून ऑपरेशनची तारीखच सुचवली. दुसऱ्यांनी दुर्बीण आत घालून मला स्क्रीनवर दाखवलं. मधला पडदा डावीकडे थोडा झुकलेला होता, तो पुष्कळांचा असतो. खरी अडचण बाजूच्या टर्बिनेटची, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या हाडाच्या वळ्यांची होती: फिकट, सुजलेली, वाट अडवून बसलेली. म्हणजे हाडापेक्षा त्यावरची सूज जास्त. ‘आधी सूज उतरवू. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तेव्हाही पडदा आड येत असेल तर ऑपरेशनचं बोलू,’ ते म्हणाले. ते बोलणं अजून निघालेलं नाही.

त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची गांध उठली. मी कासच्या फुलांवर आळ घेत होते! त्या फुलांचे परागकण किडे वाहून नेतात. ते जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. नाकाला छळतात ते वाऱ्यावर उडणारे, जसे गवताचे. गाजर गवतही त्यातलंच एक कुप्रसिद्ध नाव. माझा शत्रू त्याहून जवळ होता, उशीच्या अभ्र्यात. साताऱ्याच्या पावसाळी ओलीत हे किडे मजेत वाढतात. आता अभ्रे-चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुते.

खोकल्याचं प्रकरण वेगळं निघालं. फुंकर मारायची चाचणी, स्पायरोमेट्री, बसल्या जागी अगदी उत्तम. मग पळायला लावलं आणि थांबल्यावर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला सांगितलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा व्यायामानंतर १० टक्के किंवा त्याहून जास्त घटली तर श्वासनलिका आकसतात असं धरतात. माझी घटली. कारण ऐकलं तेव्हा सगळं जुळलं. जोरात पळताना तोंडावाटे भरपूर कोरडी, गार हवा आत जाते, श्वासनलिकांचं अस्तर सुकतं आणि त्या आवळतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत म्हणूनच मला खोकला नव्हता. नाक ही हवा कोमट आणि ओली करून खाली धाडतं. नाकाने श्वास घेत व्यायाम केला तर हा त्रास कमी होतो, हे १९७० च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसलं होतं. तर सल्ल्यात तथ्य होतं, फक्त त्याची पाळी नंतरची होती.

नाकातली सूज उतरवायला डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा स्प्रे म्हटल्यावर घरात सगळे दचकले. नाकातल्या स्प्रेची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि तिचा बहुतेक परिणाम नाकापुरताच राहतो. मारायची पद्धत मात्र शिकावी लागते, आणि चिठ्ठीवर ती कुणी लिहून देत नाही. मान वर करायची नाही, किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. टोक कानाच्या दिशेने, मधल्या पडद्याकडे नाही, नाहीतर तिथे रक्त येतं. मग जोरात ओढायचं नाही. ओढलं की औषध घशात उतरतं आणि कडू चव लागते, म्हणजे ती मात्रा फुकट गेली. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आज मारला आणि उद्या सुटलं असं होत नाही, त्यामुळे पुष्कळ लोक मधेच सोडतात.

स्प्रेच्या आधी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. ती मी लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकून आलेल्या एका बाईंकडून शिकले. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं थेट नाही. नळाच्या पाण्यात क्वचित असा अमिबा असतो जो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचतो आणि जीव घेतो. पाव लिटरला जेमतेम अर्धा छोटा चमचा मीठ. कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. नंतर वाकून पाणी निथळू द्यायचं, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरायचं. एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं.

नाक उघडल्यावरच मी तोंड मिटून पळायला सुरुवात केली, आणि वेग पार कोसळला. किलोमीटरला सात मिनिटांवरून साडेआठवर. सकाळी फिरायला आलेले काका पुढे जायचे. एक गोष्ट तेव्हा कळली: पहिली दहा मिनिटं सोसली की नाक आपोआप आणखी सुटतं. व्यायामात नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते. म्हणून आता आधी चालते, मग जॉगिंग, आणि नाक सुटल्याशिवाय वेग वाढवत नाही. आठवड्यातली सावकाश धाव पूर्ण नाकाने. तोंड उघडावंसं वाटलं तर वेग कमी करायचा. नाकाचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो इथे, लगाम म्हणून. सावकाश धाव सावकाशच पळायची शिस्त मला घड्याळाने कधी लावली नव्हती.

पण बोगद्याच्या पुढे घाट लागला की माझं तोंड उघडतं, आणि मी उघडू देते. मिनिटाला साधारण ३५-४० लिटरपेक्षा जास्त हवा लागायला लागली की बहुतेकांचं शरीर स्वतःच नाक-तोंड दोन्ही वापरतं. जोरात चढताना गरज त्याच्या दुप्पट-तिप्पट होते. ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत तोंड मिटलेला धावपटू मी तरी पाहिलेला नाही. नाकावर चिकटवायच्या पट्ट्यांनीही वेग वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांच्या नाकपुड्या श्वास घेताना आत ओढल्या जातात त्यांना रात्री उपयोग होतो. गालाची कातडी बोटाने बाहेर ओढून बघा. हवा एकदम मोकळी झाली तर तुम्ही त्यातले. आणि झोपताना तोंडाला चिकटपट्टी लावायचं फॅड मी केलं नाही, करणारही नाही. घोरणं असेल तर आधी झोपेची तपासणी करावी.

थंडीत पळण्याआधी पंधरा मिनिटं श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या पंपाचे दोन झुरके, तोंडावर रुमाल, आणि गुऱ्हाळं पेटली, पाचट जळायला लागलं की मागच्या बाजूचा रस्ता. मैत्रिणीची मुलगी राज्यपातळीवर पळते, तिलाही असाच खोकला आहे. पंप म्हणजे डोपिंग का, असं तिने घाबरून विचारलं. सॅल्ब्युटामोलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि ८ तासांत ६०० पर्यंत, चालतो. दोन झुरके म्हणजे साधारण २०० झाले. नाकाचा स्टेरॉइड स्प्रेही चालतो, पण त्याच प्रकारच्या औषधाच्या गोळ्या शर्यतीच्या काळात चालत नाहीत. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर शर्यतीच्या वेळी लघवीतल्या मर्यादेचा प्रश्न येतो. गोळीच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचायला मी तिला शिकवलंय, आणि प्रत्येक औषध नाडाच्या, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेच्या, यादीशी ताडून बघायलाही.